ॲक्शन वर जातेय, बझ येतोय, ट्यूनिंग टिकत नाहीये: दोष नेकच्या जोडात आहे का? बोल्ट-ऑन, सेट-नेक आणि नेक-थ्रूची तपासणी

इलेक्ट्रिक गिटार दुरुस्तीला आली की ऐंशी टक्के लोक आधीच निदान करून येतात, "नेकचा जोड गेलाय बहुतेक" किंवा "बोल्ट-ऑन आहे ना म्हणून असं होतंय, आता सेट-नेकच घेतो". आणि उघडून बघितलं की जोड ठणठणीत असतो, दोष भलतीकडेच असतो. हे इतक्यांदा बघितलंय की एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. कारण चुकीच्या निदानापायी लोक चांगली गिटार विकून टाकतात, नवीन घेतात, आणि सहा महिन्यांनी त्या नव्या गिटारलाही तेच सगळं होतं कारण मूळ कारण कुणी शोधलेलंच नसतं.

आधी लक्षणं. तुमच्या गिटारला यातलं नेमकं काय होतंय ते ओळखा, दोन-तीन एकत्र असतील तर तेही लिहून ठेवा, पुढे उपयोग होईल.

- ॲक्शन (म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची) हळूहळू वर गेलीय, विशेषतः हवामान बदललं की, आणि १२ व्या फ्रेटच्या पुढे दाबायला जड जातंय
- पहिल्या पाच-सहा फ्रेटवर बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर), पुढे सगळं स्वच्छ
- उलट प्रकार, म्हणजे खाली सगळं स्वच्छ आणि १४-१५ च्या पुढेच बझ किंवा नोट मरतेय
- पातळ ई तार फ्रेटच्या कडेवरून घसरून खाली जातेय, आणि जाड ईच्या बाजूला मात्र भरपूर जागा दिसतेय
- नेकला जरा धक्का लागला, किंवा गिटार केसमधून काढली, की ट्यूनिंग बदललेलं असतं
- ट्यूनिंग बरोबर असूनही पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे कॉर्ड शार्प वाजतात
- हीलजवळून (नेक बॉडीला मिळतो ती टाच) टिक किंवा कर्र असा आवाज, किंवा तिथल्या पॉलिशवर बारीक रेघ उमटलीय

यातली बहुतेक लक्षणं तिन्ही प्रकारच्या नेकमध्ये सारखीच दिसतात. उपाय मात्र तिन्हीत वेगळा, आणि तुम्ही घरी किती करू शकता तेही वेगळं. म्हणून पहिलं काम पैसे न लागणारं.

तुमचा नेक कुठल्या प्रकारचा आहे ते बघा

गिटार उलटी करा. नेक बॉडीला मिळतो तिथे धातूची पट्टी आणि चार स्क्रू, किंवा पट्टीशिवाय नुसते चार-पाच स्क्रू दिसले तर बोल्ट-ऑन. लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास टेलिकास्टरच्या घराण्यात आणि मग १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये हीच पद्धत वापरली, नेक वेगळा बनवायचा, बॉडी वेगळी, आणि शेवटी स्क्रूने आवळायचं. नाव बोल्ट असलं तरी बहुतेक गिटारमध्ये ते साधे लाकडाचे स्क्रू असतात, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

स्क्रू नाहीत, पण हीलजवळ नेकचं लाकूड संपून बॉडीचं लाकूड सुरू होतंय, तिथे जाडसर टाच आहे, तर सेट-नेक. नेकची जीभ बॉडीतल्या खाचेत ग्लूने बसवलेली असते. १९५२ ची लेस पॉल, १९६१ ची एसजी, ही याची सगळ्यांना माहीत असलेली उदाहरणं.

आणि नेकचंच लाकूड सरळ बॉडीच्या मधून शेवटपर्यंत गेलेलं दिसलं, दोन्ही बाजूला बॉडीचे पंख चिकटवलेले, तर नेक-थ्रू. १९६३ ची गिब्सन फायरबर्ड अशी आहे, रिकनबॅकरचे ४००१ बेस असे आहेत. रंग जाड असेल तर ती लांब रेघ दिसत नाही, मग हील बघा, नेक-थ्रूमध्ये हील जवळजवळ नसतेच, हात सरळ सरकत जातो. काही सेट-नेकमध्येही हील एवढी घासून गुळगुळीत केलेली असते की फसायला होतं, तेव्हा शंका असेल तर मॉडेलची माहिती बघून खात्री करा.

तारा, ट्यूनिंग आणि ब्रिज

सगळ्यात स्वस्त तपासणी ही आणि सगळ्यात जास्त गिटारी इथेच बऱ्या होतात. तुम्ही तारांचं गेज, म्हणजे जाडी, बदललंय का? ०९ चा सेट (सगळ्यात पातळ तार ०.००९ इंचाची) काढून १० चा लावला की नेकवरचा एकूण ओढ काही किलोंनी वाढतो, साध्या ट्यूनिंगला १० चा सेट मिळून ४५ किलोच्या आसपास ओढतो, आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा, मात्र जुन्या ओढीसाठी लावलेला असतो. मग नेक पुढे वाकणार, ॲक्शन वर जाणार. हा दोष नाहीच, हे व्हायलाच हवं. उलट कुणी ट्यूनिंग एक स्वर खाली उतरवून वाजवत असेल तर ओढ कमी होते, नेक मागे जातो आणि पहिल्या फ्रेटवर बझ सुरू होतो.

फ्लोटिंग ट्रेमोलो, म्हणजे स्प्रिंगवर तोललेला हलता ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार), असेल तर आधी ब्रिज बाजूने बघा. जाड तारा लावल्या किंवा मागची स्प्रिंग दमली की ब्रिज पुढे कलतो, त्याची मागची बाजू वर उचलली जाते आणि त्याबरोबर सगळ्या तारा वर जातात. बघणाऱ्याला वाटतं नेक वाकला. नेक जागच्या जागी असतो. स्प्रिंगचे स्क्रू थोडे आवळून ब्रिज बॉडीला समांतर आणा, ट्यून करा, परत बघा. हे न करता ट्रस रॉडला हात घालणारे खूप आहेत आणि मग दोन गोष्टी बिघडलेल्या असतात, एक नाही.

ट्यूनिंग टिकत नसेल तर नट, म्हणजे हेडस्टॉकपाशी (नेकच्या ट्यूनर असलेल्या टोकापाशी) तारा ज्या खाचांमधून जातात ती पट्टी, तपासा. ट्यूनर फिरवताना नटपाशी टिक असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा, लगेच फरक पडतो. गिब्सन पद्धतीच्या गिटारींमध्ये हेडस्टॉक बऱ्यापैकी मागे कललेला असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये १७ अंश, आणि वर तारा नटमधून बाहेर पडताना बाजूलाही वळतात, त्यामुळे डी आणि जी तार जास्त अडकते. सेट-नेक गिटारची ट्यूनिंगची तक्रार आली की मी आधी जोडाकडे बघतच नाही, नटकडे बघतो.

नेकचा बाक मोजा, अंदाज लावू नका

गिटार ट्यून करा, वाजवायच्या स्थितीत धरा, मांडीवर उताणी ठेवून मोजू नका कारण वजनाने माप बदलतं. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबून धरा. आता ती तारच सरळ पट्टीचं काम करते. ७ व्या-८ व्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मध्ये किती फट आहे ते बघा. साधारण ०.२ ते ०.२५ मिमी हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) नसेल तर १० च्या सेटमधल्या पातळ ई तारेचा कापलेला तुकडा घ्या, त्याची जाडी ०.०१० इंच म्हणजे साधारण ०.२५ मिमी. तो तुकडा तारेला न हलवता आत सरकला आणि अगदी हलकासा टेकला की बाक ठीक.

फट यापेक्षा बरीच जास्त असेल तर मधल्या फ्रेटवर ॲक्शन जास्त वाटणार. फटच नसेल तर पहिल्या फ्रेटवर बझ येणार. ही तपासणी दोन्ही ई तारांवर करा. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर नेकमध्ये पीळ आहे, आणि तो साध्या ट्रस रॉडने जात नाही, तिथे थांबा आणि लुथियरकडे (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा कारागीर) जा.

मग १२ व्या फ्रेटवर तारेची उंची मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड ई २ मिमीच्या आसपास, पातळ ई १.५ मिमीच्या आसपास असेल तर बहुतेकांना चालतं. आणि नट: तार तिसऱ्या फ्रेटला दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहायला हवी. तिथे मोठी फट असेल तर सुरुवातीचे कॉर्ड शार्प वाजतात, कारण दाबताना तार जास्त ताणली जाते. नटच्या खाचा खोल करायला योग्य कानशी लागतात, साध्या करवतीने करायचं काम नाही हे.

ट्रस रॉड

बाक चुकीचा निघाला तरच इथे या. योग्य मापाची की हवी, जवळपास बसणारी नको. रॉडच्या टोकाला फिरवायचा नट असतो (हा तारांच्या खाचांचा नट नव्हे), त्याची कड एकदा झिजली की काढणं फार महाग पडतं. गिब्सनमध्ये हेडस्टॉकवर झाकणाखाली असतो, ५/१६ इंचाची पोकळ चावी लागते. जुन्या धाटणीच्या फेंडरमध्ये हीलच्या टोकाला असतो, म्हणजे नेक काढावा किंवा निदान सैल करावा लागतो, नव्या गिटारींमध्ये बहुधा हेडस्टॉककडून ॲलन की जाते.

घड्याळाच्या दिशेने फिरवलं की घट्ट, नेक मागे जातो, बाक कमी होतो. उलट फिरवलं की बाक वाढतो. सुरू करायच्या आधी नटची जागा पेनाने खूण करून ठेवा म्हणजे परत मूळ जागी येता येईल. घट्ट करताना तारा थोड्या उतरवा. एका वेळी फक्त एक अष्टमांश फेरा, मग पुन्हा ट्यून करून मोजा. लाकूड लगेच पूर्ण जागेवर येत नाही, कधी कधी दुसऱ्या दिवशी आणखी थोडं सरकतं, म्हणून एका बैठकीत अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका.

इथे थांबायचं कधी: नट जोर लावल्याशिवाय फिरत नसेल, कर्र आवाज आला, किंवा फिरतोय पण नेकवर काहीच परिणाम होत नाहीये. बोल्ट-ऑनमध्ये रॉड तुटला तर वाईटात वाईट नेक बदलता येतो. सेट-नेक आणि नेक-थ्रूमध्ये रॉड तुटला की फ्रेटबोर्ड उचलून आतून काम करावं लागतं. त्यामुळे त्या दोन प्रकारांत अर्धवट अडकलेला नट जोराने फिरवणं मी कुणालाही सुचवणार नाही.

सॅडलची जागा उरलीय का

बाक ठीक, तरीही ॲक्शन जास्त? सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, खाली करा. १२ व्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायचं असेल तर सॅडल साधारण एक मिमी खाली जावं लागतं, कारण १२ वा फ्रेट बरोबर मध्यावर आहे. आता महत्त्वाचा प्रश्न, सॅडल तळाला टेकली आणि ॲक्शन अजूनही वर आहे असं झालं का? झालं असेल तर आता पहिल्यांदा आपण जोडाबद्दल बोलू शकतो. उलटही असतं, सॅडल पूर्ण वर करूनही तारा फ्रेटला लागतात, तेव्हा कोन जास्त मागे गेलेला असतो.

खात्री करायला लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याच्या थोडं खाली-वर आलं तर कोन बरोबर. खूप खाली, बॉडीच्या दिशेने गेलं तर नेक पुढे झुकलाय.

आता जोड, आणि इथून वाटा वेगळ्या होतात

*बोल्ट-ऑन.* इथे तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे. पातळ ई तार कडेवरून घसरत असेल तर आधी हेच तपासा: बॉडी घट्ट धरून हेडस्टॉक हलक्या हाताने बाजूला ढकला, तार फ्रेटबोर्डवर सरकताना दिसली आणि तिथेच राहिली तर नेक बॉडीच्या खाचेत बाजूला सरकतोय. तारा थोड्या उतरवा, चारही स्क्रू पाव-अर्धा फेरा सैल करा, नेक जिकडे हवा तिकडे ओढून धरा, आणि तिरक्या क्रमाने, म्हणजे एका कोपऱ्यातला मग समोरच्या कोपऱ्यातला, हाताने आवळा. ड्रिल मशिन वापरू नका. बस एवढ्यावर बऱ्याच गिटारी सरळ होतात.

स्क्रू आवळूनही नेक आणि बॉडीमध्ये कागद जाण्याएवढी फट राहत असेल तर कारण बहुतेक वेळा बॉडीच्या भोकांमध्ये असतं. स्क्रूची पकड फक्त नेकच्या लाकडात हवी, बॉडीतून तो सैल जायला हवा. बॉडीतही आटे धरले गेले तर स्क्रू नेकला खाली ओढूच शकत नाही, तुम्ही कितीही आवळा. स्क्रू पूर्ण काढून बॉडीच्या भोकातून नुसता हाताने सरकतो का बघा. सरकत नसेल तर भोक अगदी किंचित मोठं करायचं असतं, ड्रिलचा सराव असेल तरच करा.

नेकमधला स्क्रू फिरतच राहतोय, पकड नाही? भोकात ग्लू लावलेल्या लाकडी काड्या भरणं हा तात्पुरता उपाय चालतो, कायमचा उपाय म्हणजे भोक साफ करून कठीण लाकडाची खुंटी ग्लूने बसवायची आणि नवीन भोक पाडायचं. परत स्क्रू घालताना आधी उलटा फिरवा, टक करून जुन्या आट्यात बसल्याचं जाणवतं, मग सुलटा. नाहीतर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि लाकूड पोखरतं.

कोन चुकलाय, सॅडल तळाला गेलीय, तर शिम. म्हणजे खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला पातळ पाचर, त्यामुळे नेक किंचित मागे कलतो. हिशोब असा की खाच साधारण ७५ मिमी लांब असते आणि ६४८ मिमी स्केलच्या (म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारमध्ये खाचेच्या तोंडापासून सॅडल साधारण २५० मिमीवर, त्यामुळे टोकाला ०.२५ मिमीची पाचर ठेवली की सॅडलला जवळपास ०.८ मिमी वर यायला जागा मिळते. म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी पाचर खूप झाली. पुठ्ठ्याचा तुकडा घालून कोन बरोबर येतोय का ते बघा, आणि बरोबर आला की पूर्ण खाच भरेल अशी उतरत्या जाडीची लाकडी शिम बसवा, अर्ध्या किंवा एक अंशाच्या तयार मिळतात. पूर्ण शिम का, तर तुकड्यामुळे मध्ये पोकळी राहते आणि हीलचा भाग हवेत तरंगतो. १९७० च्या दशकातल्या तीन स्क्रूवाल्या फेंडरमध्ये तर कोन बदलायला मागे ॲलन कीचा स्क्रूच दिला होता, म्हणजे हे समायोजन लागणार हे बनवणाऱ्यांनीच धरलं होतं. शिम असणं म्हणजे गिटार खराब असं मुळीच नाही.

*सेट-नेक.* इथे घरी करायचं काम बघण्याचं आहे, करण्याचं नाही. हीलभोवती पॉलिशवर केसासारखी रेघ दिसली की लोक घाबरतात. दोन वेगळी लाकडं वेगवेगळी फुगतात-आकसतात, त्यामुळे जोडाच्या रेषेवर पॉलिश तडकणं बऱ्याचदा वरवरचं असतं. ओळखायचं असं: रेघेत पातळ कागदाची कड घालून बघा, आत जातेय का? तारा उतरवून आणि परत पूर्ण चढवून रेघेची रुंदी बदलतेय का? हेडस्टॉक हलकासा मागे-पुढे केल्यावर हीलजवळ आवाज येतोय का? तिन्हीला उत्तर नाही असेल आणि ॲक्शन महिनोन् महिने स्थिर असेल तर वाजवत राहा. एकालाही हो आलं तर तारा सैल करा आणि लुथियरकडे न्या.

आणि कृपा करून त्या फटीत झटपट चिकटणारा ग्लू भरू नका. लुथियर जोड सोडवताना उष्णता आणि वाफ वापरतो, लाकडाचा नेहमीचा ग्लू त्याने मऊ होतो, जोड स्वच्छ निघतो आणि बरोबर कोनात परत बसतो. वरून दुसरा ग्लू ओतलेला असला की लाकूडच फाटून निघतं. दहा मिनिटांच्या घाईमुळे सरळ काम अवघड झालेलं बघून खरंच वाईट वाटतं.

सेट-नेकमध्ये जोडापेक्षा जास्त धोका वर आहे, नटच्या मागे. मागे कललेला हेडस्टॉक, एकसंध महोगनी, वर ट्रस रॉडच्या नटसाठी लाकूड कोरलेलं, त्यामुळे गिटार स्टँडवरून मागे पडली की तिथेच तडा जातो. ट्यूनिंग अचानक उतरायला लागलं आणि कारण सापडत नसेल तर तारा चढवलेल्या स्थितीत नटच्या मागची बाजू चांगल्या उजेडात तिरकी धरून बघा. तडा दिसला तर त्याच क्षणी सगळ्या तारा उतरवा, वाकवून बघू नका, ग्लू लावू नका. ताजा स्वच्छ तडा चांगला कारागीर उत्तम बसवतो.

*नेक-थ्रू.* इथे सैल होण्यासारखा जोडच नाही, म्हणून सुरुवातीच्या यादीतलं कुठलंच लक्षण जोडाचं असूच शकत नाही, आणि शोध लवकर संपतो: तारा, नट, ट्रस रॉड, सॅडल, फ्रेट. बहुतेक नेक-थ्रू तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवून बनवतात, मेपलबरोबर वॉलनट किंवा महोगनी, रेषा उलटसुलट ठेवून, त्यामुळे पीळ पडण्याचं प्रमाण कमी. पण दमट-कोरड्या हवेने बाक इथेही बदलतो, त्याबाबतीत कुठलाच नेक सुटलेला नाही. आणि कोन चुकीचाच बनला असेल तर शिम नाही, नेक रीसेट (जोड सोडवून बरोबर कोनात परत बसवणं) नाही. फ्रेट काढून फ्रेटबोर्ड तासायचा किंवा ब्रिज बॉडीत खोल बसवायचा, दोन्ही कामं लुथियरचीच.

धक्का लागला की स्वर हलतो, हे नक्की काय?

ही तक्रार इतकी येते की वेगळं लिहितो. नेक हाताने मागे ओढला की स्वर बदलणारच, तिन्ही प्रकारांत, कारण लाकूड लवचिक आहे. प्रश्न हात सोडल्यावर स्वर परत येतो का हा आहे. ट्यूनर लावून करून बघा. परत आला तर सगळं ठीक. परत आला नाही, पण तार नटजवळ बोटाने जरा दाबून सोडल्यावर आला, तर नटचा दोष. तेही करून आला नाही आणि बोल्ट-ऑन असेल तर बॉडीतली नेकची खाच तपासा. सेट-नेक असेल तर हीलची तपासणी पुन्हा करा, या वेळी भिंग घेऊन.

फ्रेट

वरचं सगळं बरोबर आणि तरीही १४ च्या पुढे बझ, तर एक तर एखादा फ्रेट उचललाय किंवा हीलजवळ फ्रेटबोर्डला कुबड आलंय. तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवून डोलतेय का बघा, मधला फ्रेट उंच असेल तर डोलते. एकच फ्रेट सुटला असेल तर ठीक, पण सलग पाच-सहा उंच असतील तर ते कुबड. बोल्ट-ऑनमध्ये ते खाचेच्या तोंडाशी येतं, सेट-नेकमध्ये नेक बॉडीत शिरतो तिथे. ट्रस रॉडचा परिणाम तिथवर पोचत नाही, म्हणून रॉड आवळून हा बझ जाणार नाही, उलट पहिल्या फ्रेटवर नवीन बझ तयार होईल. फ्रेट लेव्हल करणं हे लुथियरचं काम, घरी सराव करायचा असेल तर जुन्या, काढून ठेवलेल्या नेकवर करा.

मग पुढची गिटार कुठली घ्यायची

हे सगळं वाचून हा प्रश्न येतोच, तर माझं मत सांगतो. सस्टेनसाठी (स्वर किती वेळ टिकतो त्यासाठी) किंवा आवाजासाठी जोडाचा प्रकार निवडू नका. दुकानात लोक स्ट्रॅट आणि लेस पॉल शेजारी शेजारी वाजवतात आणि फरक जोडावर ढकलतात, पण तिथे स्केल वेगळं, ६४८ मिमी विरुद्ध ६२८ च्या आसपास, त्यामुळे त्याच तारा एकीकडे मऊ लागतात, पिकअप वेगळे, ब्रिज वेगळा, लाकूड वेगळं, हेडस्टॉकचा कोन वेगळा. यात जोडाचा हिस्सा वेगळा काढताच येत नाही. तुलना करायचीच तर सारखं स्केल, सारखं गेज, सारखी ॲक्शन ठेवून करा.

निवड दुरुस्तीवरून करा. गिटार घेऊन वेगवेगळ्या हवेत फिरणार असाल, स्वतः सेटअप शिकायचा असेल, किंवा पहिलीच गिटार असेल तर बोल्ट-ऑन. जवळ विश्वासाचा लुथियर असेल आणि गिटार केसमध्ये जपून ठेवणार असाल तर सेट-नेक खुशाल घ्या, त्या गिटारींचा हातातला भरीवपणा मलाही फार आवडतो. वरच्या फ्रेटवर सतत वाजवणाऱ्याला नेक-थ्रूसारखं सुख नाही, पण आधी हील हातात धरून बघा, कारण काही बोल्ट-ऑनमध्ये धातूची पट्टी न वापरता स्क्रू वेगवेगळे बसवून हील छान गोल केलेली असते, आयबानेझच्या बऱ्याच गिटारी अशा आहेत, आणि तिथे हात जवळजवळ तितकाच मोकळा जातो.

घेताना प्रकारानुसार बघायचं ते असं. बोल्ट-ऑन: दोन्ही ई तारा फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का, आणि खाचेच्या बाजूला कार्ड जाण्याएवढी फट आहे का. सेट-नेक: हीलची रेघ आणि नटची मागची बाजू, जुनी गिटार असेल तर इथे रंग किंवा चमक वेगळी दिसतेय का, म्हणजे आधी तुटून जोडलेली आहे का. नेक-थ्रू: पीळ आणि कोन सगळ्यात काटेकोरपणे, कारण नंतर बदलता येणार नाही. आणि तिन्हीत दोन गोष्टी नक्की: ॲक्शन बरोबर असताना सॅडलला वर आणि खाली दोन्हीकडे जागा उरलीय का ते बघा, आणि विकणाऱ्याला ट्रस रॉडचं झाकण उघडून नट दोन्ही दिशांना थोडा फिरतो हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा, तो तयार नसेल तर ती गिटार सोडा.